खवले मांजराचे संरक्षण : खेळण्यांच्या विक्रीतून लोकसहभाग

महाराष्ट्राच्या वनांत वाघ, बिबट्या व गवा यांच्याइतकेच कायद्याचे संरक्षण लाभलेला, तथापि जनतेला फारसा परिचित नसलेला एक प्राणी आहे. त्याचे नाव खवले मांजर. नावात मांजर असले तरी हा प्राणी मांजराच्या कुळातील नाही. अंगावर खऱ्या अर्थाने खवले असलेला सस्तन प्राणी जगात हा एकच होय. आपल्या नखांत जे द्रव्य असते, त्याच द्रव्याचे हे खवले बनलेले असतात. तोंडात दात नसतात. लांब, चिकट जिभेच्या साहाय्याने तो मुंग्या व वाळवी टिपून खातो. दिवसा बिळात विश्रांती घेऊन रात्री तो भक्ष्याच्या शोधार्थ बाहेर पडतो. मादी बहुधा एका वेळी एकाच पिलाला जन्म देते आणि पिलू तिच्या शेपटीच्या मुळाशी बसून हिंडते. शेतात व वनात वाळवीवर नियंत्रण ठेवणारा आणि बिळे खणून माती भुसभुशीत करणारा हा प्राणी शेतकऱ्याचा मित्र मानला पाहिजे.

संकटाचे स्वरूप

संकट आले की खवले मांजर अंगाचा गोळा करून निश्चल पडते. बिबट्यासारख्या शत्रूपासून या युक्तीने त्याचा बचाव होतो. माणसापुढे मात्र तीच युक्ती घातक ठरते, कारण असा गोळा पोत्यात भरून नेण्यास काहीच श्रम पडत नाहीत. मांसासाठी आणि खवल्यांसाठी त्याची शिकार होते. खवल्याची अंगठी घातल्याने व्याधी बऱ्या होतात, हा समज काही ठिकाणी आजही टिकून आहे. त्याला शास्त्रीय आधार नाही. खवल्यांची मोठी मागणी परदेशातील पारंपरिक औषधांसाठी होत आली आहे. चीनने २०२० मध्ये आपल्या अधिकृत औषधकोशातून खवले वगळले; तरीही चोरटा व्यापार थांबलेला नाही. 'ट्रॅफिक' व डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांच्या पाहणीनुसार २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत भारतात जप्तीच्या ३४२ घटनांतून १,२०३ खवले मांजरांचा व्यापार उघडकीस आला. उघडकीस न आलेला व्यापार याहून वेगळा. ठाणे जिल्ह्यातही खवले मांजराच्या तस्करीची प्रकरणे पोलीस व वन विभागाने पकडली आहेत.

कायद्याची तरतूद

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये खवले मांजराचा समावेश आहे. त्याची शिकार करणे, त्याला बाळगणे, त्याच्या मांसाचा वा खवल्यांचा व्यापार करणे हा गुन्हा असून त्यासाठी किमान तीन व कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची किमान रक्कम २५ हजार रुपये करण्यात आली. जोहान्सबर्ग येथे २०१६ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत खवले मांजराच्या सर्व जातींच्या व्यापारी देवघेवीवर बंदी घालण्याचा निर्णय झाला. कायदा याप्रमाणे कडक आहे. परंतु रात्री फिरणाऱ्या आणि बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या प्रत्येक बिळावर वनरक्षक उभा राहू शकत नाही. बीळ कोठे आहे हे गावकऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून संरक्षणाचा खरा प्रारंभ गावातून व्हावा लागतो.

कोकणातील अनुभव

या दृष्टीने रत्नागिरी जिल्ह्यातील उदाहरण बोधप्रद आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकणातील गावोगावी जाऊन खवले मांजराविषयी प्रबोधन केले. चिपळूण तालुक्यातील डुगवे या गावी फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक खवले मांजर दिनाच्या निमित्ताने 'खवलोत्सव' साजरा झाला. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचवावी, त्याप्रमाणे खवले मांजराची प्रतिकृती पालखीत ठेवून ग्रामस्थांनी ती नाचविली. ज्या प्राण्याकडे काल शिकार म्हणून पाहिले जात होते, त्याला गावाने पाहुण्याचा मान दिला.

याच संस्थेने मंडणगड तालुक्यातील वेळास येथे समुद्री कासवांच्या रक्षणाचे काम केले. पुढे तेथे कासव महोत्सव भरू लागला आणि पर्यटकांच्या निवास-भोजनातून ग्रामस्थांना उत्पन्न मिळू लागले. एकेकाळी जेथून कासवाची अंडी नेली जात, तेथील लोक घरट्यांची राखण करू लागले. जिवंत प्राण्यापासून गावाला मान व मोबदला दोन्ही लाभले, तर शिकारीचा मोह ओसरतो, हा या अनुभवाचा अर्थ आहे.

खेळण्यांची विक्री : एक उपाय

मात्र वेळासप्रमाणे पर्यटकांना खवले मांजर दाखविता येत नाही. ते रात्री फिरते, क्वचितच दृष्टीस पडते आणि त्याचे ठिकाण जाहीर करणे म्हणजे शिकाऱ्याला वाट दाखविणे होय. मग मोबदला कोठून यावा? परदेशात दुर्मिळ प्राण्यांच्या आकाराची खेळणी, पाळीव कुत्र्या-मांजरांची खेळणीसुद्धा, विकून त्या उत्पन्नाचा काही भाग संरक्षणाच्या कामास देण्याची पद्धत आहे. तिचा आपल्याकडे विचार होण्यासारखा आहे.

ठाणे जिल्ह्याची रचना या उपक्रमास अनुकूल आहे. उल्हास नदीकाठचे मोहने हे कारखान्याच्या आश्रयाने वाढलेले आणि आता कल्याण-डोंबिवली महानगराचा भाग झालेले गाव. अशा वस्त्यांत कुत्री-मांजरी हौसेने पाळणारी कुटुंबे आहेत. कल्याण तालुक्याला लागूनच मुरबाड व शहापूर हे वनांचे तालुके आहेत. मुरबाडच्या वा शहापूरच्या महिला बचत गटाने कापडी व दोरीची खेळणी शिवावीत, मोहने-कल्याणच्या ग्राहकाने ती विकत घ्यावीत आणि शिल्लक रक्कम वनालगतच्या गावी जावी, असा हा साधा क्रम आहे. या रकमेतून वणवा-प्रतिबंधक जाळपट्टे, फासे शोधून काढणारी गस्त आणि शाळांतील प्रबोधन यांचा खर्च निघू शकेल.

यात काही दक्षता आवश्यक आहेत. किती रुपये कोणत्या कामास जातात, हे वेष्टनावर स्पष्ट छापलेले असावे. देणगी स्वीकारणारी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी व तिचे हिशेब तपासलेले असावेत. खेळण्यास खरा खवला लावणे हा गुन्हाच ठरेल. जनावर गिळू शकेल असे मणी वा बटणे वापरू नयेत. तसेच खेळणे पाहून खरे खवले मांजर पाळण्याची इच्छा कोणास होऊ नये, यासाठी सोबतच्या पत्रकात कायद्याची माहिती द्यावी. ग्राहकाच्या दयाबुद्धीवर केवळ व्यापार झाला आणि गावाला काहीच पोचले नाही, तर उपक्रमाचा हेतू विफल होईल.

आपण काय करावे

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. पंचायत सदस्यांनी या समितीमार्फत खवले मांजराची नोंद घ्यावी. बिळाचे नेमके स्थान मात्र गुप्त ठेवावे. शिक्षकांनी फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी येणारा जागतिक खवले मांजर दिन शाळेत साजरा करून विद्यार्थ्यांकडून प्रतिकृती करवून घ्याव्यात. अधिकाऱ्यांनी बचत गटांच्या विक्री-प्रदर्शनांत या खेळण्यांना जागा द्यावी. खवले मांजर आढळल्यास त्याला हात न लावता, गर्दी न जमविता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

कापडाचे एक खेळणे प्राण्याला वाचवू शकणार नाही. परंतु त्याच्या विक्रीतून आलेला पैसा वनालगतच्या गावात पोचला आणि त्या गावाने आपल्या बिळांची राखण पत्करली, तर अंगाचा गोळा करून पडलेल्या या निरुपद्रवी जिवाला माणसाचेही भय उरणार नाही.