विश्लेषण : दातांच्या दवाखान्यात ऑटोक्लेव्ह कोणता हवा?

एका रुग्णाच्या तोंडातले अवजार दुसऱ्याच्या तोंडात जाण्याआधी त्याचे काय होते, हे बरेचसे यंत्रावर ठरते. नुसत्या उकळत्या पाण्याने जिवाणूंचे बीजाणू मरतीलच असे नाही. त्यासाठी दाबाखालची वाफ लागते. १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटे.

खरी अडचण हँडपीसची, म्हणजे दात कोरणाऱ्या यंत्राच्या मुठीची. ती आतून पोकळ असते आणि रुग्णाची लाळ, रक्त आत ओढले जाऊ शकते. प्रेशर कुकरसारख्या साध्या, ‘एन’ वर्गाच्या ऑटोक्लेव्हमध्ये या नळीतली हवा अडकून राहते, वाफ आत पोहोचत नाही. ‘बी’ वर्गाचे यंत्र आधी पंपाने हवा खेचून घेते. ते महाग आहे, पण हँडपीस आणि पाकीटबंद अवजारांसाठी तेच घ्यावे.

अवजारांवर रक्त वाळलेले असेल तर महागडे यंत्रही हतबल ठरते. म्हणून इतर अवजारांसाठी आधी अल्ट्रासॉनिक क्लीनर हवा. निळ्या प्रकाशाचे यूव्ही कपाट फार तर साठवणीपुरते.

पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला, की उष्णता लागली एवढेच कळते. यंत्राची खरी परीक्षा बीजाणू चाचणीत होते. ती शेवटची कधी केली आणि पाकीट आपल्यासमोर फोडणार का, हे रुग्णाने जरूर विचारावे.