‘टक्’ ऐकू आलं का?

जालन्यातल्या नव्या वसाहतींत घराचं जोतं रस्त्यापेक्षा दोन-तीन फूट उंच घेतात. जागा मोजकी, त्यामुळे फाटकातून पोर्चमध्ये चढणारा सिमेंटचा उतार चांगलाच खडा होतो. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर एवढा चढ कुठे सापडायचा नाही. ऑटोमॅटिक गाडी रात्रभर अशा उतारावर उभी राहते आणि सकाळी गिअरचा दांडा ‘पी’मधून, म्हणजे ‘पार्क’मधून, निघत नाही. मग दोन्ही हातांनी ओढाओढ सुरू होते. शेजारचे सल्ला द्यायला येतात. कुणीतरी मोबाइलवर अमेरिकेतल्या एखाद्या गृहस्थाचा व्हिडिओ लावतं आणि पेचकस घेऊन गाडीत घुसतं. ओढाओढ आधी थांबवा. अडलेल्या दांड्यांपैकी बऱ्याच दांड्यांना गाडीनेच मुद्दाम अडवून धरलेलं असतं, आणि का अडवलं हे घरच्या घरी शोधता येतं.

पण त्याआधी एक खातरजमा. तुमच्या गाडीत ‘पी’ आहे ना? प्रश्न विचित्र वाटेल, पण आपल्याकडच्या कितीतरी ऑटोमॅटिक गाड्यांना ‘पी’ नसतोच. फेब्रुवारी 2014 मध्ये मारुतीने ऑटो एक्स्पोत सेलेरिओ आणली आणि तोवर महागड्या गाड्यांची चैन असलेली ऑटोमॅटिकची सोय मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्या गाडीतला गिअरबॉक्स साधा, हाताने बदलायच्या गाडीतलाच आहे. क्लच दाबणं आणि गिअर टाकणं ही दोन कामं तेवढी यंत्राकडे दिली. हीच एएमटी. यंत्रणा इटलीच्या मॅग्नेटी मारेल्ली कंपनीची. याच कंपनीच्या मदतीने फेरारीने 1997 मध्ये आपल्या 355 या गाडीत क्लचचं पेडल काढून टाकलं होतं. म्हणजे भोकरदनच्या बाजाराला निघालेल्या सेलेरिओचं फेरारीशी थोडं नातं लागतं. अशा गाडीत दांडा हे निव्वळ एक बटण असतं. तो अडण्याची कहाणी वेगळी, तिच्याकडे नंतर येऊ.

‘पी, आर, एन, डी’ अशी अक्षरं असलेल्या गाडीत दांड्याच्या बुडाशी एक छोटी कॉइल बसवलेली असते. तांब्याच्या तारेतून वीज गेली की लोहचुंबक तयार होतो. 1820 मध्ये ओर्स्टेड या शास्त्रज्ञाला वीजवाहक तारेजवळ होकायंत्राची सुई वळताना दिसली, 1825 मध्ये स्टर्जनने त्यातून विद्युतचुंबक बनवला; आज तीच गोष्ट तुमच्या गुडघ्याशेजारी काम करते. चावी चालू असताना ब्रेकवर पाय पडला की पेडलच्या वरचा एक स्विच जुळतो. तोच स्विच मागचे लाल दिवे लावतो आणि तोच दांड्याला ‘पाय ब्रेकवर आहे’ ही बातमी पोचवतो. कॉइलमध्ये वीज येते, आतली लोखंडी कांडी सरकते, दांडा सुटतो. कांडी सरकताना आवाज होतो: टक्.

सगळी तपासणी या आवाजापासून सुरू करायची. इंजिन बंद ठेवा, चावी चालू करा, पंखा आणि गाणी बंद करा, काचा लावून घ्या. ब्रेक दाबा आणि दांड्याच्या बुडाशी कान द्या.

दांड्याला अडवणारं हे कुलूप आलं कुठून, त्याचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण त्याचं एक टोक आपल्या जवळ आहे. 1980च्या दशकात अमेरिकेत ऑडी 5000 या गाडीबद्दल तक्रारी येऊ लागल्या: ‘पी’मधून गिअर काढला की गाडी आपोआप सुसाट सुटते. नोव्हेंबर 1986 मध्ये तिथल्या एका गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तसं घडतानाही दाखवलं गेलं. त्या गाडीच्या गिअरबॉक्सला भोक पाडून बाहेरून दाब सोडला होता, हे पुढे उघड झालं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने तपास करून 1989 मध्ये निष्कर्ष काढला, तो वाहिनीला आणि तक्रारदारांना दोघांनाही न आवडणारा होता: चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता. तोवर कंपनीचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं. 1985 मध्ये अमेरिकेत वर्षाला 74 हजार ऑडी खपत होत्या, 1991 मध्ये जेमतेम 12 हजार. दरम्यान 1987 मध्ये कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांत कुलूप बसवून दिलं: पाय ब्रेकवर असल्याशिवाय दांडा हलणार नाही. पुढे इतरांनीही ते उचललं. अमेरिकेत तर 1 सप्टेंबर 2010 नंतर बनणाऱ्या, ‘पी’ असलेल्या गाड्यांना ते कायद्यानेच सक्तीचं झालं, आणि तो कायदा लहान मुलांच्या सुरक्षेसाठी होता. बंद गाडीत खेळणारं पोर दांडा ओढून गाडी सोडून देतं म्हणून. आणि आपल्या जवळचं टोक: जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाताना शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना लागतो. भारतातल्या ऑडी तिथेच जोडल्या जातात.

आता ‘टक्’ ऐकू आलं नाही असं धरू. ब्रेक दाबून ठेवा आणि मागचे लाल दिवे लागतात का ते कुणाला तरी पाहायला सांगा. घरी एकटेच असाल आणि मागे भिंत असेल, तर आरशात पाहा; पहाटेच्या अंधारात भिंतीवर लाल उजेड पडलेला दिसतो. दिवे लागत नसतील तर बिघाड दांड्यात नाहीच, ब्रेकच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या फ्यूजमध्ये आहे. बटणाने चालू होणारी गाडी असेल तर ती चालूही होणार नाही, कारण तिलाही हीच बातमी लागते. इथे एक बारकावा. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीनदा दाबला की पेडल दगडासारखं कडक होतं, कारण इंजिनाच्या ओढीने साठलेली निर्वात पोकळी, जी आपल्या पायाला मदत करते, ती संपलेली असते. अर्धवट दबलेलं पेडल स्विचपर्यंत बातमीच नेत नाही. म्हणून चांगला जोर देऊन दाबा. निम्मा प्रश्न काही वेळा एवढ्यानेच सुटतो.

फ्यूज पाहणं सोपं. स्टिअरिंगच्या खाली फ्यूजची पेटी असते, झाकणावर किंवा पुस्तिकेत नकाशा असतो. उडालेल्या फ्यूजमधली तार तुटलेली दिसते. तेवढ्याच अँपियरचा नवा बसवायचा; जास्त अँपियरचा किंवा तार गुंडाळून ‘जुगाड’ केलेला नको, कारण मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. काही गाड्यांत मोबाइल चार्जरचं सॉकेट आणि हे कुलूप एकाच फ्यूजवर असतं. स्वस्तातल्या चार्जरने सॉकेटमध्ये शॉर्ट केलं, की दांडा अडतो आणि दोघांचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही.

बॅटरीचं काय? पूर्ण भरलेली बॅटरी चालू नसताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि उष्णतेने शिशाच्या बॅटरीतल्या जाळ्या लवकर गंजतात, पाणीही उडतं. पण लक्षात घ्या, स्टार्टरला शंभराच्या वर अँपियर लागतात, या कॉइलला अगदी थोडे. त्यामुळे इंजिन फिरवू न शकणारी बॅटरीसुद्धा ‘टक्’ वाजवू शकते. हॉर्न पार मेला असेल आणि डॅशबोर्डवर अंधार असेल, तरच दोष बॅटरीवर घाला.

दिवे लागतात, बॅटरी ठणठणीत, तरी ‘टक्’ नाही? मग संशय वायरिंगवर. आणि वायरिंग म्हटलं की उंदीर. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. जालना ही बियाण्यांची राजधानी, जागोजागी धान्याची आणि बियाण्याची गोदामं. तिथे खाणं आहे म्हणून उंदीर आहेत, आणि रात्री गाडीच्या खाली ऊब मिळते. दुसरा गुन्हेगार चहा. बहुतेक गाड्यांत पेला ठेवायची जागा दांड्याच्या शेजारीच केलेली आहे. ही जागा ठरवणाऱ्याने आपला गोड चहा कधी पाहिला नसावा. सांडलेला चहा फटीतून खाली जातो, पाणी उडून जातं, साखर स्विचवर चिकटून बसते. याचं काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. घरी दांड्याभोवतीची पट्टी उचकटू नका, खालच्या प्लास्टिकच्या कड्या तुटतात.

आता उलटी बाजू: ‘टक्’ वाजतं, तरी दांडा हलत नाही. दांड्याच्या खोबणीत नाणं, सुपारीचं खांड असलं काही पडलंय का, टॉर्च मारून पाहा. नसेल तर उतारावर या. ‘पी’मध्ये दांडा टाकला की गिअरबॉक्समध्ये एक पोलादी खिट्टी दात्याच्या चाकात अडकते. हँडब्रेक न ओढता गाडी सोडली की सगळा भार त्या एका दाताच्या टोकावर येतो. अंदाजे हिशेब करू. गाडी 1,200 किलोची, उतार सहा फुटांना एक फूट. गाडी खाली ओढणारा जोर साधारण 200 किलोचा. चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर, त्यामुळे चाकावर येणारा पीळ मधल्या गिअरमुळे एक चतुर्थांश होऊन दात्याच्या चाकावर येतो, पण या चाकाची त्रिज्या धरा फक्त 5 सेंटिमीटर. दाताच्या टोकावर जोर आला 300 किलो. तेल लावलेल्या पोलादाचं घर्षण दहावा भाग धरलं, तरी खिट्टी बाहेर काढायला 30 किलोचा हिसका लागतो. दारावर आतून कुणी रेलून बसलेलं असलं की कडी निघत नाही, आधी दार ओढावं लागतं, तसंच हे.

उपाय त्यातूनच निघतो. तिघं-चौघं मिळून गाडी चढाकडे बोटभर रेटा. रेटणाऱ्यांनी दारांच्या खांबांना धरून बाजूला उभं राहायचं. उताराच्या बाजूला गाडीच्या वाटेत कुणीही नको. गाडी हलली त्या क्षणी चालकाने ब्रेक गच्च दाबायचा, भार ब्रेकवर आला की दांडा काढायचा. रेटायला माणसं नसतील तर ब्रेक गच्च दाबून दांडा एकाच दमदार ओढीने काढता येतो. आतून ‘खाड्’ असा आवाज येईल, त्याने घाबरू नका. रोज मात्र तो आवाज ऐकण्यात शहाणपण नाही. गाडी थांबली की दांडा ‘एन’मध्ये, हँडब्रेक ओढा, ब्रेकवरचा पाय अलगद सोडा, गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’. पहिले काही दिवस घरचे हसतील.

सकाळी दवाखान्यात पोचायचंच आहे आणि कुलूप सुटत नाही, अशा वेळेसाठी कारखान्याने चोरवाट ठेवलेली असते. दांड्याशेजारी नखाएवढी टोपी असते, काही गाड्यांत तिच्यावर ‘शिफ्ट लॉक’ लिहिलेलं असतं. हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकांना उताराच्या बाजूने दगड किंवा विटा लावा, पेचकसाला फडकं गुंडाळून टोपी काढा. ब्रेक दाबून ठेवून आत चावीचं टोक दाबा आणि दांडा ‘एन’मध्ये घ्या. गाडी ‘एन’मध्येही चालू होते. पण मागचे लाल दिवे बंद असताना ही वाट वापरून महामार्गावर जाऊ नका. मागून येणाऱ्या ट्रकला तुमचा ब्रेक दिसणार नाही. गोल खटका किंवा बटणांचे गिअर असलेल्या नव्या गाड्यांत अशी टोपी बहुधा नसतेच.

दांडा लोण्यासारखा फिरतोय आणि गाडी मात्र ‘पी’मध्येच, असंही होतं. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या केबलच्या टोकाला प्लास्टिकचा बुश असतो, तो फुटला की केबल सुटते. भाग क्षुल्लक, काम मात्र गाडीखाली शिरून करायचं. ते घरी करू नका.

राहिली एएमटी. तिला ‘पी’ नाही, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करतात. क्लच स्प्रिंगने जुळलेला राहतो आणि बंद इंजिन चाकांना धरून ठेवतं. रात्रीत बॅटरी उतरली, तर क्लच सोडवणाऱ्या पंपाला वीजच नाही. दांडा ‘एन’वर सरकतो, आत काही घडत नाही आणि गाडी ढकलली तरी जागची हलत नाही. हा बिघाड नव्हे. जंपर केबलने दुसऱ्या गाडीची वीज द्या, डॅशबोर्डवर ‘एन’ स्थिर दिसू द्या, मग चालू करा. ‘एन’ लुकलुकत राहिला तर सर्व्हिस सेंटर.

आणि गाडी न्यायचीच झाली तर टोचन करताना एक सांगून ठेवा. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सला तेल पोचवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून दोराने अंबड ते जालना ओढत आणली, तर चाकांबरोबर आतले भाग कोरडे फिरतात आणि एका क्षुल्लक फ्यूजपायी गिअरबॉक्स जातो. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पुढची बाजू उचलूनच न्यायची, किंवा सरळ सपाट ट्रकवर चढवायची.