सेनगावचा जिल्हा कोणता?

सेनगाव तालुक्यातल्या पन्नाशीच्या माणसाचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिला तर त्यावर 'जि. परभणी' असतं. त्याच्या मुलाच्या दाखल्यावर 'जि. हिंगोली'. आजोबांचा एखादा कागद ट्रंकेत टिकून राहिला असेल तर तो बहुधा उर्दूत किंवा मोडीत, आणि राज्य हैदराबाद. घर तेच, शेत तेच, बांधावरचं लिंबाचं झाडही तेच. १ मे १९९९ रोजी परभणीचे दोन भाग झाले आणि हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा उभा राहिला. तेव्हापासून जुना जिल्हा, नवा जिल्हा, मराठवाडा, वऱ्हाड यांबद्दल बरंच काही ठामपणे बोललं जातं. त्यातलं थोडं खरं, बरंचसं ऐकीव.

'हिंगोलीला ओळख मिळाली ती १९९९ नंतर'

हे बोलणाऱ्याने हिंगोली शहरात एक चक्कर मारावी. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही मोहल्ल्यांची नावं जिल्हा परिषदेने दिलेली नाहीत. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी 'हैदराबाद कंटिंजंट' फौज होती, तिची मोठी छावणी इथे होती. नावं त्या काळातली. हिंगोली लोकसभा मतदारसंघसुद्धा १९७७ पासूनचा, म्हणजे जिल्ह्याहून बावीस वर्षांनी मोठा.

याच मतदारसंघामुळे आणखी एक घोटाळा होतो. हिंगोलीचा खासदार म्हणजे फक्त हिंगोली जिल्ह्याचा, असं अनेकांना वाटतं. पण त्यात नांदेडचे किनवट व हदगाव आणि यवतमाळचा उमरखेड हे विधानसभा मतदारसंघही आहेत. यवतमाळ तर विदर्भात. म्हणजे एकच खासदार दोन्ही विभागांचा.

'जिल्हा वेगळा झाला, परभणीशी संबंध तुटला'

गाडीच्या पाटीपुरतं हे खरं आहे. परभणीचा एमएच २२, हिंगोलीचा एमएच ३८. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा परिषद ही सगळी कार्यालयं हिंगोलीला आली आणि सेनगावकरांची परभणीची खेप वाचली. ही सोय लहान नाही. येलदरी, जिंतूर करत परभणी गाठायची आणि साहेब जागेवर नाहीत म्हणून रात्रीच्या गाडीने परतायचं, हे ज्यांनी केलं आहे त्यांना नव्या जिल्ह्याचं मोल विचारावं.

पण सगळं काही वाटून झालेलं नाही. एसटीचा हिंगोली आगार परभणी विभागात येतो. पीककर्जासाठी शेतकरी ज्या मध्यवर्ती सहकारी बँकेत जातो, तिच्या नावात परभणी आहे आणि तिचं क्षेत्र दोन्ही जिल्ह्यांचं आहे. विधान परिषदेवर स्थानिक स्वराज्य संस्थांमधून जो आमदार जातो, तोही परभणी-हिंगोलीचा मिळून एकच. कृषी विद्यापीठ परभणीत आहे. इतर पदव्यांसाठी मुलं ज्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाशी जोडलेली आहेत ते नांदेडला, १९९४ सालचं. सरकारने सातबारा एका दिवसात नव्या जिल्ह्यात नेला. बँक आणि बस मात्र मागेच राहिल्या. म्हातारी माणसं अजून 'आमचा परभणी जिल्हा' म्हणतात तेव्हा त्यांना जुन्यात अडकलेलं ठरवू नये. त्यांचं पासबुक तेच सांगतं.

'वऱ्हाड आणि मराठवाडा यांची शीव पुरातन आहे'

सेनगावच्या उत्तरेला रिसोड. रिसोड वाशीम जिल्ह्यात, म्हणून विदर्भात, सेनगाव मराठवाड्यात. बाजार एक, सोयरिकी एकमेकांत, बोलण्याची ढब कुठे बदलते ते सांगता येणार नाही. तरी 'ते वऱ्हाडातले, आपण मराठवाड्यातले' असं म्हणताना जणू ही रेघ यादवांच्या काळापासूनची आहे असा सूर लागतो. ती रेघ १८५३ सालची आहे, आणि ती कर्जातून निघाली.

कंटिंजंट फौजेचा खर्च निजामाने द्यायचा होता. तो थकत गेला. डलहौसीच्या काळात, १८५३ च्या तहाने, थकबाकी आणि पुढचा खर्च वसूल करण्यासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. हिंगोली निजामाकडे राहिली, वाशीम इंग्रजांकडे गेलं. ज्या फौजेपायी मुलूख गेला तिची छावणी इकडे आणि तिच्या पगाराला गहाण पडलेला मुलूख पलीकडे, असा हा विचित्र मामला. १९०२ मध्ये निजामाने वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिलं आणि पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. त्यानंतर दोन शेजारी गावांमध्ये कायदा वेगळा, नाणं वेगळं, कचेरीची भाषा वेगळी, शाळाही वेगळ्या. शंभर वर्षं असं राहिलं की फरक पडतोच. त्यामुळे ही सीमा खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तिने माणसं घडवली. पण ती पुरातन नाही.

त्याआधी काय होतं? अकबराच्या दरबारातल्या 'आइन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची सरकारं दिली आहेत. त्यात बाशीम, म्हणजे वाशीम, हे एक सरकार आणि त्याखाली औंढा, नरसी, कळमनुरी हे महाल. पाथरी हे आणखी एक सरकार, तेही वऱ्हाड सुभ्यातच. आज मराठवाड्याचा अभिमान सांगणारा हा सगळा पट्टा चारशे वर्षांपूर्वी दप्तरात वऱ्हाड म्हणून नोंदलेला होता, आणि त्यातल्या मोठ्या भागाचं ठाणं वाशीम होतं. संत नामदेवांची नरसी त्या काळी वाशीमच्या दप्तरात, मग परभणीच्या, आता हिंगोलीच्या. वारकऱ्याला यापैकी कशाचीच अडचण आली नाही.

परभणी जिल्हा तरी अनादी कुठे आहे? निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, तेव्हा परगणे मोडून जिल्हे बांधले गेले. पुढेही हा जिल्हा अखंड राहिला नाही. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून तिकडे गेला होता. हिंगोलीचं जाणं हे पहिलं नव्हतं.

'मराठवाडा महाराष्ट्रात आला तो १९६० ला'

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, पण मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचनेत. तेव्हा तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. विदर्भही त्याच दिवशी मध्य प्रदेशातून निघून त्याच राज्यात आला. म्हणजे सेनगाव आणि रिसोड १०३ वर्षांनी एका राज्यात आले ते त्या दिवशी. तेव्हा मराठवाड्याचे जिल्हे पाच होते. जालना, लातूर, हिंगोली धरून आता आठ आहेत.

'हे असले घोळ आपल्याकडेच'

इंग्लंडकडे पाहा. तिथल्या काउंट्या आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहेत. सचिन तेंडुलकर १९९२ मध्ये यॉर्कशायरकडून खेळला, फारुख इंजिनियर त्याआधी लँकेशायरकडून. पण त्यांतली मिडलसेक्स काउंटी कारभाराच्या नकाशावरून १९६५ मध्येच गेली, लंडनच्या पोटात. क्लब मात्र आजही मिडलसेक्सच आणि मैदान लॉर्ड्सच. १ एप्रिल १९७४ ला तर मोठीच उलथापालथ झाली. यॉर्कशायरचे जुने तीन भाग कारभारातून गेले आणि लँकेशायरचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेलं. लोक चिडले. सरकारला सांगावं लागलं की ही फक्त कारभाराची वाटणी आहे, जुन्या काउंट्यांवरची निष्ठा बदलायची कुणाला गरज नाही. यॉर्कशायरवाले १९७५ पासून १ ऑगस्टला आपला 'यॉर्कशायर दिन' साजरा करतात. रटलंड ही चिमुकली काउंटी लेस्टरशायरमध्ये घातली होती. तिथल्या लोकांनी पिच्छा सोडला नाही आणि १९९७ मध्ये ती परत वेगळी झाली.

आपलं रटलंड शेजारीच आहे. इंग्रजी अमलात वाशीम स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोला आणि यवतमाळमध्ये वाटला गेला. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम पुन्हा जिल्हा झाला, हिंगोलीच्या दहा महिने आधी. वाशीमकरांनी ९३ वर्षं वाट पाहिली. रटलंडने २३.

'जुन्या कागदावर परभणी आहे, म्हणजे तो कागद आता चालत नाही'

हा गैरसमज सगळ्यात नुकसानीचा. जिल्हा बदलला म्हणून जुना दाखला रद्द होत नाही आणि त्यावरचा 'परभणी' खोडून 'हिंगोली' करून घेण्याचीही गरज नसते. कागद ज्या दिवशीचा, त्या दिवशीचाच जिल्हा त्यावर असणार. जातीच्या प्रमाणपत्रासाठी तर जुनाच पुरावा मागतात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. यातल्या एकाही तारखेला हिंगोली जिल्हा नव्हता, पहिल्या तारखेला तर महाराष्ट्रही नव्हता. अशा कागदावर कुणी 'जि. हिंगोली' दाखवलं, तर शंका त्या कागदाचीच घ्यावी. अर्ज मात्र आजच्या हद्दीप्रमाणे, आजच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा.

मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातली दप्तरं धुंडाळावी लागली आणि मोडी व उर्दू वाचणारे शोधावे लागले. तेव्हा घरात उर्दूतला, मोडीतला, 'जि. परभणी' लिहिलेला जो कागद असेल तो रद्दीत घालू नका. वाचता येत नसला तरी जपून ठेवा, आणि जाणकाराकडून त्याचं लिप्यंतर करून मूळ कागदासोबतच ठेवा.