पन्नाशीतला नोकरीशोध – लेखांक ५ : कोचला फी द्यावी का?

वालीवच्या एखाद्या इंजिनिअरिंग युनिटचा प्लँट हेड, किंवा तारापूर एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीचा जनरल मॅनेजर. वीस-पंचवीस वर्षं एकाच ठिकाणी काढलेली. मग कंपनी विकली जाते, किंवा मालकाचा मुलगा शिकून परत येतो आणि त्याच खुर्चीत बसतो. या माणसाने शेवटचा इंटरव्ह्यू दिला तेव्हा बायोडेटा टपालाने पाठवायची पद्धत होती. आता त्याला फोन येतात : सर, आम्ही फक्त सिनियर लेव्हलच्या लोकांसाठी काम करतो. फीचा आकडा ऐकून घरात शांतता पसरते. पगार थांबलेला असताना एवढे पैसे घालावेत का?

आधी कोणाचे पैसे कोणाकडे जातात ते पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. हेडहंटरला पैसे देते ती माणूस शोधणारी कंपनी. आपल्याकडे १९६९ पासून काम करणारी एबीसी कन्सल्टंट्स असो, किंवा कॉर्न फेरी, एगॉन झेंडर यांसारख्या परदेशी फर्म्स असोत, उमेदवाराने त्यांना काही द्यायचं नसतं. वरच्या पदांसाठी ही फी पहिल्या वर्षाच्या पगाराच्या साधारण एक तृतीयांश असते आणि ती कंपनी भरते. म्हणून हेडहंटर तुमच्याशी कितीही गोड बोलला तरी तो काम करतो कंपनीसाठी. काही मोठ्या कंपन्या माणसं कमी करताना त्यांना पुढची नोकरी शोधायला स्वतःच्या खर्चाने मदत मिळवून देतात. याला आउटप्लेसमेंट म्हणतात. निघताना ती मागायला लाजू नका. करिअर कोचला पैसे देता ते मात्र तुम्ही, आणि म्हणून त्याने काम करायचं तेही तुमच्यासाठीच.

जो तुमच्याकडून पैसे घेतो आणि वर नोकरीची हमी देतो, ‘जाहिरात न झालेल्या जागा’ फक्त माझ्याकडे आहेत असं सांगतो, त्याला कोच म्हणूच नका. फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा.

आता खऱ्या कोचकडे वळू. तो घ्यावा की नाही, हे तुमचं गाडं कुठे अडलंय त्यावर ठरतं. इंटरव्ह्यूची बोलावणी येताहेत, पहिली फेरी पार पडते, मग एमडीसमोर किंवा बोर्डासमोर गेल्यावर काहीतरी बिनसतं, असं दोन-तीनदा झालं असेल तर कोचचा उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे. आपल्या मराठी घरांत स्वतःच्या कामाबद्दल मोठ्याने बोलणं हा उद्धटपणा समजला जातो. त्यामुळे रिजेक्शन निम्म्यावर आणणारा माणूस इंटरव्ह्यूत ‘आमच्या टीमने केलं’ एवढं सांगून थांबतो. समोरच्याला विचारायचं असतं ते वेगळंच : टीम तीच होती, मशीन तीच होती, मग तुम्ही आल्यावर काय बदललं? लाइन थांबवायचा निर्णय कोणी घेतला, मालकाची नाराजी कोणी सोसली? चांगला कोच हे प्रश्न विचारून उत्तर तुमच्याच तोंडून काढतो, पुन्हा पुन्हा सराव करून घेतो. पगाराची बोलणीही अशीच सरावाने जमतात. स्वतःच्या बाबतीत हे एकट्याने करणं फार अवघड असतं, आणि या कामासाठी दिलेले पैसे मला वाया वाटत नाहीत.

पण बोलावणंच येत नसेल तर? तिथे कोच फारसं काही करू शकत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात, नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ पुरुषांचा अभ्यास केला. सगळे व्यावसायिक, तांत्रिक किंवा व्यवस्थापकीय कामातले. त्यांतल्या ५६ टक्के लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. खरी गोष्ट पुढे आहे. ज्यांच्याकडून नोकरीची खबर मिळाली ती माणसं रोजच्या भेटीतली होती का, असं त्याने विचारलं. रोजच्या किंवा आठवड्यातून दोनदा भेटणाऱ्यांकडून खबर मिळालेले जेमतेम १७ टक्के निघाले. २८ टक्क्यांना ती अशा माणसाकडून मिळाली होती, ज्याची भेट वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी व्हायची. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सभासदांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याचाही कल तोच : घट्ट ओळखींपेक्षा बऱ्यापैकी सैल ओळखी नोकरी बदलायला जास्त कामाला येतात.

हे वसई-विरारला नेमकं लागू पडतं. विरार फास्टमधला रोजचा ग्रुप जिवाला जीव देणारा असतो, पण त्याला जे माहीत असतं ते बहुतेक तुम्हालाही माहीत असतं. दहा वर्षांपूर्वी तुमच्या हाताखालून वापीला गेलेला शिफ्ट इंजिनिअर, जुन्या कंपनीचा ऑडिटर, मशिनरी विकणारा सेल्समन, बँकेत तुमची लोनची फाइल बघणारा अधिकारी, यांच्या कानावर वेगळ्या गोष्टी येतात. वालीव, सातिवली, गोखिवऱ्यातली बरीचशी युनिट्स मालकाच्या हातातली आहेत. तिथे वरची जागा अनेकदा जाहिरातीआधीच, मालकाच्या विश्वासातल्या एखाद्या माणसाच्या शब्दावर भरली जाते. त्या माणसापर्यंत तुमचं नाव पोहोचवणं हे तुमचंच काम. त्याला फक्त फोन लागतो, आणि फोन करताना वाटणारा संकोच बाजूला ठेवावा लागतो. ‘काम आहे का?’ असं न विचारता ‘तुमच्या लाइनमध्ये सध्या काय चाललंय?’ असं विचारा. समोरचा माणूस मोकळेपणाने बोलतो.

एवढं करूनही कोच हवाच असेल, तर त्याला पारखून घ्या. आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कसलाही परवाना लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रं आहेत. सर्वांत खालच्या एसीसीला ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो, तर त्यावरच्या पीसीसीला १२५ आणि ५०० तास. यावरून तो शिकलेला आहे एवढं कळतं. कारखान्यातली वरची माणसं कशी नेमली जातात हे त्याला ठाऊक आहे की नाही, ते कळत नाही. ते विचारूनच घ्यावं लागतं. तुमच्यासारख्या पदावरच्या, अलीकडे मदत केलेल्या दोन माणसांशी बोलणं करून द्या, असं म्हणा. तुम्ही वसई सोडणार नाही, म्हणजे दक्षिणेला अंधेरी-बीकेसी आणि उत्तरेला बोईसर, फार तर वापी एवढीच तुमची हद्द आहे, हेही आधीच सांगा. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, त्यामुळे वसईत राहून बोईसरची नोकरी जमू शकते. हे कळायला कोचला हा भाग माहीत असावा लागतो.

पैशांचा हिशेब कागदावर मांडा. समजा फी दोन लाख, आणि कोच जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्के, म्हणजे २ लाख ३६ हजार. अडीच लाखांच्या पगाराची नोकरी महिनाभर आधी मिळाली तर हे पैसे सुटतात. पण ती आधी मिळेलच हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून सगळी रक्कम एकदम देऊ नका. तीन-चार बैठकांपुरतं ठरवा, प्रत्येक बैठकीचे पैसे वेगळे द्या, पटलं नाही तर थांबायची सोय लेखी घ्या. ग्रॅच्युइटीच्या पैशाला हात लावू नका. आणि हा निर्णय घरात बसून, बायको किंवा नवऱ्यासमोर आकडे ठेवून घ्या, कारण पगाराविना जाणारे महिने दोघांनाही काढायचे आहेत.