पंचेचाळीसचे भिंग

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत लाकडी पेटीत कुलूपबंद राहणारे आणि प्रात्यक्षिकाच्या तासापुरतेच बाहेर येणारे सूक्ष्मदर्शक यंत्र दिसायला अगदी साधे आहे: घोड्याच्या नालासारखी जड बैठक, कमानदार बाहू, त्यावर तोललेली नळी, नळीच्या वरच्या टोकाला नेत्रिका, खालच्या टोकाला फिरत्या चकतीवर बसवलेली दोन पदार्थभिंगे, आणि सर्वांच्या तळाशी खिडकीतला उजेड पकडून वर धाडणारा, एका बाजूने सपाट व दुसऱ्या बाजूने अंतर्गोल असा लहानसा आरसा. आपल्याकडची अशी पुष्कळ यंत्रे हरियाणातील अंबाल्याहून येतात. शास्त्रीय उपकरणे घडवणाऱ्या कारखान्यांचे ते नामांकित ठाणे आहे. नेत्रिका दहापट आणि मोठे भिंग पंचेचाळीसपट, म्हणजे प्रतिमा साडेचारशेपट; विद्यार्थी मात्र नेत्रिकेचा हिशेब सोडून त्या भिंगाला नुसते ‘पंचेचाळीसचे’ म्हणतात, आणि मीही आता तसेच म्हणतो.

या यंत्राचे सामर्थ्य पाहायचे ते कांद्याच्या मुळात. घरच्या टोपलीतला जुना कांदा घेऊन, त्याची वाळलेली मुळे खरवडून, पाण्याने काठोकाठ भरलेल्या बाटलीच्या तोंडावर केवळ तळ टेकेल अशा बेताने तो बसवला, की काही दिवसांत पांढरीशुभ्र मुळे बोट-दीड बोट खाली उतरतात. सकाळी आठ ते दहाच्या सुमारास त्यांची टोके कापून ती एक भाग ॲसिटिक आम्ल व तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात दिवसभर ठेवायची. या क्रियेला स्थिरीकरण म्हणतात, आणि तो शब्द मला फार अन्वर्थक वाटतो. कारण ज्या क्षणी जी पेशी ज्या अवस्थेत असेल त्या क्षणीच ती तेथे कायमची थांबते. पुढे निवडुंगावर पोसणाऱ्या किड्यापासून काढलेल्या कार्मिन या तांबड्या रंगात, उकळी फुटू न देता, स्पिरिटच्या दिव्यावर ती टोके ऊन करायची, शेवटचा दोन मिलिमीटरांचा गडद तुकडा तेवढा काचपट्टीवर ठेवायचा, वर पातळ काच, तिच्यावर टिपकागद, आणि मग अंगठ्याचा सरळ, न सरकणारा दाब. सगळे कसब या दाबात आहे. तो कमी पडला तर पेशी एकीवर एक चढून बसतात, तिरका पडला तर काच तडकते, आणि पुस्तकात वाचून तो कोणालाही साधलेला मी पाहिलेला नाही.

पाहणे हीदेखील अशीच हाताने शिकायची विद्या आहे. नवख्याला प्रथम दिसतात त्या स्वतःच्याच पापण्या, नंतर काळ्या कडेचा हवेचा बुडबुडा, आणि पट्टी डावीकडे सरकवावी तो दृश्य उजवीकडे पळते. मोठे भिंग काचेपाशी नेताना डोळा नेत्रिकेवर नव्हे तर बाजूला ठेवायचा आणि मग पाहत पाहत नळी वर घ्यायची, हा शिरस्ता मोडला की पट्टी आणि भिंग दोन्ही धोक्यात येतात. एवढे साधले म्हणजे विटांच्या भिंतीसारख्या पेशींच्या ओळी उमटतात. बहुतेकींत केंद्रक नुसता गोल व दाणेदार असतो. एखादीत त्याच्या जागी दोऱ्यांचा गुंता, एखादीत मध्यरेषेवर आलेली गुणसूत्रे, क्वचित कोठे एकमेकांपासून दूर खेचले जाणारे दोन झुपके, आणि कोठे दोन नव्या केंद्रकांच्या मधोमध उभी राहू लागलेली कोवळी भिंत.

वॉल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने 1882 साली आपल्या ग्रंथात सॅलॅमँडर या प्राण्याच्या पेशींवरून हाच क्रम लावला आणि दोरा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ‘मायटोसिस’ हे नाव दिले; आपण त्यास सूत्री विभाजन म्हणतो. रंगवलेल्या निश्चल पेशींमधून कोणती अवस्था आधीची व कोणती नंतरची हे त्याला ताडावे लागले, आणि आमच्या टेबलावर बसलेल्या मुलांनाही नेमके तेच करावे लागते. काळ येथे मोजदादीतून वाचायचा असतो: जी अवस्था पुष्कळ पेशींत आढळते ती दीर्घ टिकणारी, जी शोधूनही सापडत नाही ती अल्पकाळाची. त्या दाणेदार, निवांत भासणाऱ्या पेशींना पूर्वी ‘विश्रांत’ म्हणत. परंतु 1950 नंतरच्या काही वर्षांत अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी मुळांच्या टोकांवरच प्रयोग करून दाखवले की डीएनए याच काळात दुप्पट होतो. वाटणीपूर्वी दस्तऐवजाची हुबेहूब नक्कल तयार व्हावी लागते, म्हणजे मग दोन्ही वारसांच्या हाती संपूर्ण दप्तर पडते. भिंगाखाली दिसते ती केवळ वाटणी.

एका गोष्टीचा मला मनापासून खेद आहे. कांद्याच्या पेशीत सोळा गुणसूत्रे असतात. पाठ्यपुस्तकातील आकृतीत सोयीसाठी बहुधा चारच काढलेली असतात, आणि वर्षानुवर्षे प्रात्यक्षिकाच्या वह्यांतही चारच उतरतात, कारण परीक्षेत आकृतीला गुण मिळतात, पाहण्याला नाहीत. म्हणूनच एका मुलीने मध्यावस्थेच्या, म्हणजे गुणसूत्रे मध्यरेषेवर येतात त्या अवस्थेच्या, जागी कडा विस्कटलेला एक गडद पट्टा काढून त्याखाली ‘आठपर्यंत मोजता आली’ असे लिहून आणले, तेव्हा मी त्या पानावर तत्काळ सही केली आणि तिला पुन्हा पंचेचाळीसच्या भिंगाकडे पाठवले. खिडकीत उजेड शिल्लक होता. तिने आरसा जरा कलता केला, बारीक फिरकी केसभर पुढे-मागे केली, आणि तास संपेपर्यंत ती अकरावर पोचली होती.