घराजवळचे मैदान कसे निवडावे?

साठी ओलांडलेल्या बहुतेक प्रत्येकाला ‘रोज चाला’ हा सल्ला मिळालेला असतो. किती चालावे, हेही अनेकांना पाठ असते. परंतु कुठे चालावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझ्या अनुभवाप्रमाणे चालणे टिकते की महिनाभरात सुटते, हे पुष्कळदा या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. म्हणून आज आपण औषधांविषयी नव्हे, तर मैदानाविषयी बोलू.

परदेशात अनेक निवृत्त मंडळी घराजवळचे सार्वजनिक गोल्फ मैदान शोधतात. अठरा होलचा पूर्ण डाव पायी खेळला, तर चार-पाच तासांत साधारण ८ ते १० किलोमीटर चालणे होते. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी सुमारे तीन लाख गोल्फपटूंच्या नोंदी तपासल्या. त्याच वयाच्या आणि त्याच सामाजिक स्तरातील इतर लोकांच्या तुलनेत त्यांचा मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. आता, गोल्फ खेळणारा माणूस मुळातच धडधाकट असण्याचा संभव अधिक, त्यामुळे सगळे श्रेय खेळाला देता येणार नाही. तरीही त्या मैदानावर काय काय मिळते, ते पाहा: मोकळी हवा, पायाखाली मऊ हिरवळ, मध्ये थांबण्याची मुभा, सोबतीला तीन मित्र आणि ठरलेली वेळ. यांतले काहीही गोल्फच्या काठीवर अवलंबून नाही. अमरावती-अकोल्याच्या माणसाला हे सारे घराजवळ, फुकटात किंवा नाममात्र शुल्कात मिळू शकते. मात्र जागा पारखून घ्यावी लागते.

पहिली कसोटी : अंतर

सर्वांत सुंदर मैदान नव्हे, तर सर्वांत जवळचे चालण्याजोगे मैदान हे आपले मैदान. घरापासून पायी दहा मिनिटांच्या आत असेल तर उत्तम. गाडीवर कोणी सोडून द्यावे लागत असेल, तर आपले चालणे मुलाच्या ड्युटीवर, सुनेच्या सवडीवर आणि पेट्रोलवर अवलंबून राहते. अमरावतीत वडाळी तलाव किंवा छत्री तलावाचा परिसर रम्य आहे. पण राजकमल चौकाजवळ राहणाऱ्या ऐंशीच्या आजोबांनी तिथे रविवारी जावे आणि रोजच्यासाठी जवळचे छोटे उद्यान धरावे. अकोल्यातही तेच. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या परिसरातील झाडांच्या सावलीतले रस्ते जवळ राहणाऱ्यांना वरदान आहेत; जुन्या शहरातल्या माणसाने तेवढ्यासाठी वर्दळीचा रस्ता रोज ओलांडू नये. अशा संस्थांच्या आवारात प्रवेशाच्या वेळा आणि नियम फाटकावर आधी विचारून घ्यावेत.

वाटेवर मोठा चौक असेल तर अंतर मिनिटांत मोजू नका, धोक्यात मोजा. सिग्नल नसलेला रस्ता ओलांडून पाच मिनिटांवर असलेल्या बागेपेक्षा गल्लीगल्लीने बारा मिनिटांवर असलेले मैदान बरे.

दुसरी कसोटी : पायाखालची जमीन

आपल्या वऱ्हाडाची काळी माती कपाशीला जेवढी मानवते, तेवढी म्हाताऱ्या पावलांना मानवत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती चपलेला चिकटते आणि निसरडी होते. म्हणून उघड्या काळ्या मातीचे मैदान केवळ हिवाळ्यापुरते समजावे. दाबून बसवलेल्या मुरुमाचा मार्ग सर्वांत चांगला. डांबरी रस्ता चालेल. सिमेंटच्या चौकोनी ठोकळ्यांचा मार्ग दिसायला देखणा असतो, पण त्यातला एखादा ठोकळा वर आलेला असला की अंगठा अडकतो. सावलीतल्या ठोकळ्यांवर श्रावणात शेवाळे धरते, तेही पाहावे.

जमीन एवढी महत्त्वाची का? वयोमानाने हाडे ठिसूळ होतात, स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर अधिक वेगाने. साध्या ठेचेने पडूनही खुब्याचे हाड मोडू शकते. त्यानंतर शस्त्रक्रिया, अंथरूण, आणि अंथरुणामुळे येणारे फुफ्फुसाचे संसर्ग व रक्ताच्या गुठळ्या यांची साखळी सुरू होते. अनेकजण पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. एका वर आलेल्या ठोकळ्याची किंमत एवढी मोठी असू शकते.

तिसरी कसोटी : बसायला जागा आणि स्वच्छतागृह

दर शंभर-दीडशे पावलांवर बाक असेल, तर हृदयाचा किंवा गुडघ्याचा रुग्णही निर्धास्तपणे फिरू शकतो. बाक फार खोल नसावा; हाताला आधार देणारी दांडी असेल तर उठणे सोपे जाते.

स्वच्छतागृहाविषयी आपल्याकडे उघड बोलले जात नाही. पुष्कळ आजी फिरायला जात नाहीत त्याचे खरे कारण गुडघे नसून लघवीची घाई हे असते, आणि ते त्या घरातही सांगत नाहीत. पुरुषांना प्रोस्टेटमुळे हीच अडचण येते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली, तर पुढचे काही तास ही घाई अधिक. गोळीची वेळ स्वतःहून बदलू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. फिरून आल्यावर गोळी घेता येईल का, एवढा साधा प्रश्न पुरतो. आणि उघडे, वापरण्याजोगे स्वच्छतागृह असलेली बाग निवडा.

चौथी कसोटी : ऋतू आणि वेळ

पुण्या-मुंबईचे नियम वऱ्हाडात चालत नाहीत. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जाणे नवलाचे नाही. वृद्धांना तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि काही औषधांमुळे शरीराला उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. म्हणून मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत सकाळी सातच्या आत घरी परतावे. संध्याकाळी सूर्य मावळला तरी सिमेंट आणि डांबर तासभर तापलेलेच असते. तेव्हा झाडे असलेली जागा हवी. हिवाळ्यात उलट करावे. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो. तेव्हा पहाटे पाचचा हट्ट सोडून कोवळ्या उन्हात निघावे. पावसाळ्यात आठवडे वाया घालवण्यापेक्षा मंदिराचा सभामंडप, मंगल कार्यालयाचा व्हरांडा किंवा घरातलीच लांब ओसरी ठरवून ठेवावी.

अंधारात जायचे नाही, याला आमच्याकडे आणखी एक कारण आहे. अमरावतीच्या वडाळी-पोहरा जंगलपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. जंगलाला लागून असलेल्या रस्त्यांवर उजाडल्यावरच आणि सोबतीने जावे. शहरात भीती मोकाट कुत्र्यांची. कुत्रे चावलेच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, हळद-तिखट काही लावू नये आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

पाचवी कसोटी : माणसे

ज्या मैदानावर आपण न गेल्यास कोणीतरी ‘काल का नाही आले?’ असे विचारते, ते मैदान कधी सुटत नाही. चालण्याचे अर्धे औषध त्या प्रश्नात आहे. जोडीदार गेल्यानंतर एकटे पडलेल्या माणसाला तर हा प्रश्न गोळीपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

या बाबतीत आपला भाग श्रीमंत आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आखाडा, मैदान आणि सामुदायिक व्यायाम यांची ही परंपरा आपल्या आजोबांच्या पिढीने उभी केली. तिचा उपयोग केवळ तरुणांसाठी नाही. गल्लीतला ज्येष्ठ नागरिक संघ, हास्य क्लब, योगवर्ग, भजनी मंडळ, यांपैकी जे मैदानाजवळ असेल त्याला जोडून घ्या.

आपली स्वतःची पारख

जागेची पारख झाली, आता पायांची. घरात पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसा. समोर तीन मीटरवर खूण करा. उठून नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जा, वळा, परत येऊन बसा. घड्याळ घरातल्या कोणीतरी लावावे आणि सोबत उभे राहावे. १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजावे. याचा अर्थ चालणे बंद, असा नव्हे. आधी डॉक्टरांना भेटा, आणि सपाट, बाके असलेली जागा निवडून सोबतीने सुरुवात करा.

किती चालावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम हवा, आणि ६५ वर्षांपुढे आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायामही हवेत. दहा हजार पावलांचा आकडा मनावर घेऊ नका. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजण्याच्या यंत्राच्या जाहिरातीतून आला. पुढच्या संशोधनात साठीपुढील लोकांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत लाभ वाढत जातो आणि नंतर फारसा वाढत नाही, असे दिसले. तीन हजारवाल्याने चार हजार केले, तरी ती कमाईच आहे. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही गती योग्य. प्रमाणित धावपट्टीची एक फेरी ४०० मीटरची असते. पाच फेऱ्या म्हणजे दोन किलोमीटर.

गुडघेदुखीवाल्यांनी चालणे सोडू नये. चालल्यानंतर दुखणे दोन तासांहून अधिक टिकले, तर दुसऱ्या दिवशी अंतर कमी करावे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. सरळ उभे राहून हात सैल सोडल्यावर तिची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. स्लीपर घालून फिरू नये. मागून बंद, तळाला पकड असलेले बूट घ्यावेत. आजींनी साडी किंचित उंच नेसावी. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब जाऊ नये आणि खिशात साखर ठेवावी. नाव, आजार, औषधे आणि घरचा फोन क्रमांक लिहिलेला कागद सोबत असावा. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक दम किंवा भोवळ आल्यास तिथेच बसावे आणि १०८ ला फोन करावा. ‘घरी जाऊन पाहू’ म्हणू नये.

घरच्यांसाठी दोन शब्द

एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे वर्षानुवर्षे येतात. घराबाहेर एकदा घसरून पडले. हाड मोडले नाही. पण त्या दिवसापासून मुलाने काळजीपोटी फाटकाला कुलूप लावले. सहा महिन्यांत खुर्चीवरून उठायला त्यांना दोन्ही हातांचा आधार लागू लागला, भूक मंदावली, बोलणे कमी झाले. पुढे सुनेने मार्ग काढला. तिने आजूबाजूच्या तीन जागा स्वतः चालून पाहिल्या आणि एक लहानशी, सपाट, चार बाकांची बाग निवडली. पहिला महिना ती सोबत गेली, नंतर शेजारचे एक गृहस्थ जाऊ लागले. आज ते तीन फेऱ्या मारतात आणि वर्तमानपत्रातल्या बातमीवर भांडतातही.

पडण्याच्या भीतीने वृद्धांना घरात बसवले, की स्नायू झिजतात, तोल जातो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. ‘बाबा, जाऊ नका’ म्हणण्याऐवजी ‘बाबा, कुठे जायचे ते आपण पाहून येऊ’ असे म्हणा. निवडलेली जागा दोनदा पाहा: एकदा ज्या वेळी ते जाणार त्याच वेळी, आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर.

जवळची एकही बाग या कसोट्यांना उतरली नाही, तर? उणीव काय आहे ती नेमकी लिहा: दोन बाके, एक दिवा, उखडलेला मार्ग, बंद स्वच्छतागृह. दहा-पंधरा ज्येष्ठांच्या सह्या घ्या आणि महानगरपालिकेला किंवा आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला अर्ज द्या. पोच घ्या आणि महिन्याने पुन्हा जा. ‘उद्यान सुधारा’ या मागणीपेक्षा ‘पिंपळाखालच्या वळणावर एक बाक हवा’ ही मागणी लवकर पुरी होण्याचा संभव अधिक असतो.