राखेचा पट्टा आणि रक्ताची जाळी

बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठच्या दरडीत राखेचा फिकट पट्टा आहे. इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीची ती राख, असं बरेच अभ्यासक मानतात. ७५ हजार वर्षांपूर्वीची की त्याहून कितीतरी जुनी, हा वाद मात्र चालूच आहे. आधी काय आणि मागून काय, हे थर वाचूनच ठरवायचं. काचबिंदूचंही तसंच.

आमच्याकडे अंधुक दिसलं की "मोतीबिंदू असेल, पिकू दे" म्हणायचे. शेजारच्या नारायणगावात डॉ. मनोहर डोळे यांच्या मोहन ठुसे नेत्ररुग्णालयामुळे मोतीबिंदूची भीती गेली. काचबिंदू मात्र न दुखता आत शिरतो. आजीला आम्ही पुण्याला नेलं तेव्हा एका डोळ्याची नस सुकून गेली होती. चूक घरच्यांचीच.

डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पाहायच्या तर १९६१ पासून दंडाच्या शिरेत रंग टोचावा लागे. १९९१ मध्ये ओसीटी, म्हणजे प्रकाशाने पडद्याचा छेद टिपणारं तंत्र, आलं आणि पडद्याचे थर दरडीसारखे उघडे पडले. २०१२ नंतर त्यातूनच ओसीटी अँजिओग्राफी निघाली. एकाच जागेची लागोपाठ चित्रं घ्यायची. डोळा स्थिर, हलतं ते फक्त रक्त. जिथे फरक पडला तिथे वाहिनी. सुई नाही, रंग नाही.

मग तुलना सुरू झाल्या. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयात डॉ. हर्षा राव आणि सहकाऱ्यांनी खुल्या कोनाच्या आणि बंद कोनाच्या काचबिंदूत रक्तवाहिन्यांची ही जाळी मोजली (कोन म्हणजे डोळ्यातलं पाणी निचरण्याची जागा). बंद कोनाचा काचबिंदू आपल्या देशात दुर्मीळ नाही, म्हणून मला हे काम महत्त्वाचं वाटतं. दोन्हींत नसेभोवतीची जाळी विरळ होते. भिंगावर कोंड्यासारखी भुकटी साचते त्या प्रकारात मात्र, नुकसान तेवढंच असूनही, जाळी जास्त विरळ आढळल्याचं काही अभ्यास सांगतात. म्हणजे तिथे डोळ्यातल्या दाबाखेरीज रक्तवाहिन्यांचंही काही दुखणं असावं.

आजीला काचबिंदू होता म्हणून मागच्या वर्षी काकांनाही तपासायला नेलं. हनुवटी टेकवून, श्वास रोखून ते बसले. छापील चित्रात खालच्या बाजूला काळसर पाचर दिसत होती.

"डॉक्टर, पाट आटला म्हणून पीक वाळलं, का पीक वाळल्यावर पाट बंद झाला?"

डॉक्टर हसले आणि रात्री घालायच्या थेंबांचं नाव लिहू लागले.